घोड्याच्या जुन्या दोननळी बंदुकीचा तडकलेला दस्ता कसा दुरुस्त करावा

बाहेर घोडे (हॅमर) असलेली जुनी दोननळी बंदूक हाती आली की आधी तिच्या दस्त्याची मान बघावी. मान म्हणजे ॲक्शनच्या (नळ्या ज्याला जोडतात त्या लोखंडी भागाच्या) लगेच मागचा, मुठीत धरायचा बारीक भाग. तिथे बऱ्याचदा केसाएवढी काळी रेघ सापडते आणि पहिला मोह होतो तो त्या रेघेत गोंद सोडून क्लॅम्प आवळायचा. तो आवरा. ती चीर तेलाने आणि लोखंडाच्या रेट्याने पडलेली असते. तेल आणि रेटा तसाच ठेवून भरलेली चीर त्याच जागी किंवा बोटभर बाजूला पुन्हा उघडते, आणि दुसऱ्या खेपेला तिच्यात जुना गोंदही असतो. म्हणून इथे गोंदाच्या आधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

१८६० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या, मधे मोडून काडतूस भरायच्या, दोन्ही बाजूंना लॉकप्लेट (घोडा चालवणारी यंत्रणा म्हणजे लॉक, ती जिच्यावर बसते ती पट्टी) असलेल्या बंदुका इथे डोळ्यांसमोर आहेत. ठासणीच्या दोननळीलाही लाकूडकाम हेच लागू पडतं. लॉकमधल्या स्प्रिंगा, टंबलर, सिअर आणि नळ्या यांना हात लावायचा नाही. ते काम बंदुकीच्या कारागिराचं.

## मान तिथेच का तडकते

दस्ता बहुतेक वेळा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. मानेत लाकूड मुळात कमी, त्यात वरून टँगची खोबण, खालून ट्रिगर प्लेटची (चाप बसवलेल्या पट्टीची) खोबण, दोन्ही बाजूंनी लॉकसाठी कोरलेले खड्डे आणि आरपार जाणारे स्क्रू. मधे उरतात त्या पातळ भिंती. टँग म्हणजे ॲक्शनची मागे निमुळती होत जाणारी वरची पट्टी. लॉकची मोठी स्प्रिंग घोड्याच्या मागे असेल, म्हणजे बॅक-ॲक्शन लॉक असेल, तर तिच्यासाठी मानेतलंच लाकूड कोरलेलं असतं. बार-ॲक्शनमध्ये स्प्रिंग घोड्याच्या पुढे, लोखंडात बसते, त्यामुळे मान तुलनेने भरीव राहते. तुमची बंदूक कोणत्या प्रकारची आहे ते लॉक काढण्याआधीच प्लेटच्या आकारावरून कळतं: प्लेट घोड्याच्या मागे लांब गेली असेल तर बॅक-ॲक्शन.

आता तेल. या बंदुका वर्षानुवर्षं नळ्या वर करून उभ्या ठेवलेल्या असतात. नळ्यांना आणि लॉकला लावलेलं तेल उतरत उतरत दस्त्याच्या तोंडाशी मुरतं. तिथलं लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि दबतं. दस्त्याच्या तोंडाचे दोन खांदे ॲक्शनच्या पाठीला टेकून धक्का झेलतात. ते दबले की ॲक्शन प्रत्येक बाराला किंचित मागे सरकते आणि टँगचं टोक पाचरीसारखं लाकडात घुसतं. पाचर ठोकल्यावर लाकूड जसं रेषेने फाटतं, तशीच ही चीर टँगच्या टोकापासून सरळ मागे जाते.

## कागदपत्रं आणि अवजारं

बंदूक जुनी आहे म्हणून ती कायद्याबाहेर आहे असं धरून चालू नका. जुन्या बंदुकांचे नियम देशागणिक फार वेगळे आहेत. काम सुरू करण्याआधी जवळ असावं:

- बंदूक बाळगण्याचा परवाना, किंवा जुनी वस्तू म्हणून सूट असेल तर तसा कागद
- बंदूक सुटी करणं किंवा दुरुस्तीला दुसऱ्याकडे नेणं याला वेगळी परवानगी लागते का, याची खात्री
- नंबर, प्रूफचे (नळ्यांच्या दाब-चाचणीचे) शिक्के आणि सगळ्या बाजूंचे फोटो

नंबर ट्रिगर गार्डच्या मागच्या पट्टीवर, ॲक्शनवर आणि नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर शोधा. नंबर आणि शिक्क्यांवरून पॉलिशपेपर फिरवला तर बंदुकीची ओळख पुसली जाते. ती परत आणता येत नाही.

अवजारं आणि सामान:

- पातं शेवटपर्यंत सारख्या जाडीचं असलेले बंदुकीचे स्क्रू-ड्रायव्हर, चार-पाच मापांचे
- नायलॉनची किंवा कच्च्या चामड्याची छोटी हातोडी
- धारदार पटाश्या, ३ ते १० मिमी, आणि एक छोटा स्क्रेपर
- ॲसिटोन, खडूची बारीक पूड, टूथब्रश, पांढरी सुती फडकी
- हळू घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे पूर्ण ताकदीला २४ तास घेणारा
- मेणाचं फर्निचर पॉलिश, खेळायची मऊ क्ले, कागदी चिकटपट्टी
- सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन सेंटिमीटर रुंद लांब पट्ट्या
- ४ मिमी जाडीची पितळी किंवा स्टेनलेसची आट्यांची सळई
- मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा, काजळीसाठी

पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी इथे नको. तो लाकडात मुरायच्या आत घट्ट होतो आणि जुळवाजुळव करायला वेळ देत नाही.

## १. बंदूक रिकामी आहे का ते बघा

मोडून भरायची बंदूक उघडा, दोन्ही चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. ठासणीची असेल तर नुसतं बघून कळत नाही. लाकडी काठी नळीच्या तोंडातून तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग काठी नळीच्या बाहेरून धरून बघा. काठीचं टोक निपलच्या (टोपी बसवायच्या बोंडाच्या) जागेपर्यंत पोचायला हवं. दोन-चार बोटं कमी पडत असेल तर आत जुना बार असू शकतो. तिथेच थांबा आणि बंदूक जाणकाराकडे द्या. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा.

## २. आधी मापं घ्या

दस्ता पूर्ण तुटला नसेल तरी ही पायरी गाळू नका. नळ्यांमधल्या पट्टीवर लांब सरळ पट्टी ठेवा आणि तिच्यापासून दस्त्याच्या कण्याच्या (गाल टेकतो त्या वरच्या कडेच्या) पुढच्या टोकापर्यंत व टाचेच्या (खांद्याला लागणाऱ्या टोकाच्या) वरच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर खोली आहे ते लिहा. मग वरून बघून दस्ता नळ्यांच्या रेषेच्या उजवीकडे किंवा डावीकडे किती वळला आहे ते मोजा. हा वाक मुद्दाम ठेवलेला असतो. तो चूक समजून सरळ करणारे फार जण भेटतात.

## ३. लोखंड उतरवणं

क्रम महत्त्वाचा आहे: पुढची लाकडी मूठ, नळ्या, लॉक, ट्रिगर गार्ड, ट्रिगर प्लेट, शेवटी ॲक्शन.

लॉकसाठी दोन्ही घोडे अर्धे चढवा. १८६७ मध्ये जॉन स्टँटन यांनी पेटंट घेतलेल्या प्रकारच्या लॉकमध्ये घोडा आपटल्यावर स्वतःच अर्ध्यावर मागे येतो, तिथे काही करायला नको. दोन्ही प्लेटांना धरणारा आडवा स्क्रू तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. त्याच्या डोक्यावर नायलॉनच्या हातोडीने हलके टोले दिले की पलीकडची प्लेट सरळ बाहेर येते. मग स्क्रू काढून अलीकडची प्लेट आतून बोटाने ढकला. प्लेटच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर लाकडाची कड तुटते आणि ती खूण कायमची राहते. लॉक बाहेर आल्यावर घोडा चढवून सोडू नका. त्याला अडवायला समोर काही नसतं, आतले भाग तडकतात.

ट्रिगर गार्ड मागच्या पट्टीवरच्या स्क्रूंनी बसलेला असतो. इंग्रजी घडणीच्या बऱ्याच बंदुकांत त्याचं पुढचं टोकही आट्यांनी ट्रिगर प्लेटमध्ये फिरवलेलं असतं. मागचे स्क्रू काढा, मागची पट्टी खोबणीतून अलगद उचला आणि गार्ड डावीकडे फिरवत बाहेर घ्या. पट्टी वर येण्याआधी फिरवलं तर ती खोबणीची भिंत फोडते.

ॲक्शन धरणारा मुख्य स्क्रू वरून टँगमधून खाली ट्रिगर प्लेटमध्ये जातो. वरच्या तरफेच्या बंदुकीत तो तरफेखाली लपलेला असतो, तरफ एका बाजूला ढकलली की दिसतो. स्क्रू हलत नसेल तर जोर लावण्याआधी भेदक तेलाचा एकच थेंब द्या, रात्रभर थांबा, मग ड्रायव्हर खाचेत बसवून त्याच्या डोक्यावर हलका टोला द्या. पातं खाचेच्या लांबी-रुंदीत पूर्ण बसायला हवं. सैल पातं खाच खाऊन टाकतं.

प्रत्येक स्क्रू हाताने बनलेला असतो आणि आपल्याच भोकात बसतो. पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. चांगल्या कामात आवळल्यावर स्क्रूच्या खाचा नळ्यांच्या रेषेत येतात. वाकड्यातिकड्या दिसल्या तर आधी कोणीतरी उघडून गेलं आहे असं समजा आणि आत जुना गोंद सापडेल याची तयारी ठेवा.

ॲक्शन सरळ पुढे ओढा. मागेपुढे डोलवू नका, तडकलेली भिंत त्यानेच तुटते.

## ४. चीर किती लांब गेली आहे

दिसते तेवढीच चीर नसते. खोबणीच्या आत, कच्च्या लाकडावर ॲसिटोनमध्ये भिजवलेलं फडकं फिरवा. पृष्ठभाग अर्ध्या मिनिटात सुकतो, पण चिरेत मुरलेलं ॲसिटोन मागे राहतं आणि काळी बारीक रेघ ओलीच दिसते. तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा. मग दस्ता दोन्ही हातांनी धरून अगदी हलका वाकवा. चीर उघडून मिटत असेल, कडेला तेलाचा बारीक ओघळ येत असेल, तर काम पूर्ण खोलीचं आहे.

## ५. तेल काढणं

कंटाळवाणी पायरी आहे, पण दुरुस्ती टिकणार की नाही ते इथेच ठरतं. घाई करू नका.

खडूच्या पुडीत ॲसिटोन घालून दह्याएवढा घट्ट लेप करा. खोबणीत, दस्त्याच्या तोंडावर आणि चिरेच्या आतल्या बाजूने ३-४ मिमी जाड थापा. ॲसिटोन लाकडातलं तेल पातळ करून बाहेर आणतं, पूड ते शोषून घेते. पांढरा लेप सुकता सुकता पिवळा, मग तपकिरी होतो. पूर्ण सुकला की ब्रशने झाडा आणि पुन्हा लावा. दोन-तीन वेळांत भागलं तर नशीब. काळ्या पडलेल्या तोंडाला आठ-दहा वेळाही लागतात. लेप पांढराच सुकायला लागला की थांबा.

काही धोके आहेत. ॲसिटोन सहज पेट घेतं, म्हणून हवा खेळती ठेवा, जवळपास ज्योत, हीटर, हेअर ड्रायर काही नको. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ते पटकन आरपार जातं, ब्यूटाइलचे मोजे घाला. बाहेरच्या जुन्या पॉलिशवर ते सांडलं तर डाग पडतो, म्हणून लेप फक्त आतून. आणि ओव्हन साफ करायची कॉस्टिकची फवारणी कोणी सुचवली तरी वापरू नका. ती तेल काढते, पण लाकूडही खाते आणि अक्रोडाचा रंग काळपट करते.

शेवटच्या लेपानंतर दस्ता दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत सुकू द्या.

## ६. रेटा कुठून येतो ते काजळीने शोधा

ॲक्शनचा मागचा भाग, टँग आणि ट्रिगर प्लेट मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवा. पातळ काळा थर बसला पाहिजे, लोखंड तापता कामा नये. ॲसिटोनची बाटली आणि लेपाची फडकी त्या वेळी खोलीबाहेर ठेवा. आता ॲक्शन दस्त्यात बसवा, नायलॉनच्या हातोडीने एक हलका टोला द्या आणि सरळ बाहेर काढा. जिथे लोखंड लाकडाला टेकतं तिथे काळा डाग उमटतो.

काळं कुठे असावं? दस्त्याच्या तोंडाच्या दोन्ही खांद्यांवर, सारखं पसरलेलं. कुठे नसावं? टँगच्या टोकामागे, लॉकप्लेटच्या मागच्या टोकांशी आणि ट्रिगर प्लेटच्या मागे. तडकलेल्या दस्त्यात बहुतेक वेळा नेमकं उलटं चित्र दिसतं: खांदे कोरे आणि टँगच्या खोबणीच्या टोकाला ठसठशीत काळा ठिपका. चिरेचं उगमस्थान ते.

तो ठिपका आत्ता कोरू नका, आधी चीर चिकटू द्या. फोटो काढा आणि पुढे चला.

## ७. चिकटवणं

तुटलेल्या पृष्ठभागांवर पॉलिशपेपर कधीच फिरवू नका. तुटताना उभे राहिलेले तंतू एकमेकांत किल्लीसारखे बसतात. ते घासले की जुळणी गेली.

आधी कोरडी तालीम. ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून बघा, चीर पूर्ण मिटते का, कुठे कपची अडते का. लोखंडाला मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्या आणि पुसून घ्या, स्क्रूची भोकं आणि खाचा क्लेने भरा. मेण सुटलेल्या जागी इपॉक्सी लोखंडाला धरतो, आणि मग ॲक्शन सोडवताना दस्ताच पुन्हा फुटतो. बाहेरच्या बाजूने चिरेच्या दोन्ही कडांना कागदी पट्टी लावा. जाळीची नक्षी असेल तर तिच्यावरही.

चीर अर्धवट असेल तर खोबणीच्या बाजूने बांबूची पातळ पाचर घालून ती केसभर उघडा. इपॉक्सी मापाने मिसळा, कप ४० अंशांच्या कोमट पाण्यात मिनिटभर धरा. तो पातळ होतो, पण घट्ट व्हायला वेळही कमी लागतो. टूथपिकने चिरेत सोडा आणि दस्ता हलका वाकवत सोडत राहा, पंपासारखा गोंद आत ओढला जातो. बाहेरच्या बाजूने पूर्ण लांबीभर बारीक मणी फुटले की आत पोचला. पाचर काढा.

चीर अजिबात उघडत नसेल तर इपॉक्सीचा उपयोग नाही. तिथे अगदी पातळ सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) खोबणीच्या बाजूने थेंबाथेंबाने सोडा, तो स्वतःच चिरेत ओढला जातो.

दस्त्याचे दोन तुकडे झाले असतील तर दोन्ही बाजूंना पातळ थर लावून तुकडे जोडा, मेण लावलेली ॲक्शन जागेवर बसवा आणि दुसऱ्या पायरीतली मापं पट्टीने लगेच ताडून बघा. टाचेशी दोन मिलिमीटरचा फरकही खांद्याला लावल्यावर जाणवतो, आणि ही जुळणी सुधारायला पंधरा-वीस मिनिटंच असतात.

मग ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक निम्मी चढवत मान गुंडाळा. गोल, निमुळत्या भागावर लोखंडी क्लॅम्पपेक्षा ही पट्टी सगळीकडे सारखा दाब देते. बाहेर आलेला गोंद घट्ट व्हायच्या आत पुसा. २४ तास हलवू नका, सळईचं काम ४८ तासांनंतर.

सरसाबद्दल एक शब्द. पारंपरिक आहे, पुन्हा सोडवता येतो, त्यामुळे स्वच्छ, तेल न लागलेल्या जुन्या लाकडाला उत्तम. पण तेल मुरलेल्या मानेत तो धरत नाही.

## ८. आतून सळई

केसाएवढ्या अर्धवट चिरेला सळई नको. पूर्ण तुटलेल्या मानेला हवीच.

भोक टँगच्या खोबणीतून पाडा म्हणजे ॲक्शन बसल्यावर ते झाकलं जातं. दिशा तिरपी, तुटीला ओलांडून जाणारी, तुटीच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी लाकूड मिळेल अशी. आधी दस्त्याच्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारून स्क्रूचे मार्ग आणि लॉकचे खड्डे दाखवा. सळई त्यांच्यातून जाता कामा नये. ४ मिमी सळईला ४.५ मिमी भोक, ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीने खोलीची खूण, आणि दर दहा मिलिमीटरला पातं बाहेर काढून भुसा झाडायचा.

सळईच्या एका बाजूला कानशीने लांबीभर चपटी पट्टी काढा. हे न करता गोंद भरलेल्या भोकात सळई दाबली तर अडकलेला गोंद आणि हवा पिचकारीसारखा दाब देते आणि नुकतीच जोडलेली मान आतून फोडते. साधी लोखंडी सळई वापरू नका. ती गंजते, आणि अक्रोडातल्या टॅनिनमुळे लाकडाला काळानिळा डाग देते.

## ९. रेटा काढणं

आता काजळी पुन्हा. टँगच्या टोकामागचं लाकूड पटाशीने पापुद्र्यासारखं काढत न्या, तिथे अर्धा मिलिमीटर मोकळी फट राहिली पाहिजे. पोस्टकार्डाची दुहेरी घडी सहज जाईल एवढी. लॉकप्लेटच्या टोकांशी त्याहून कमी, फक्त काळा डाग उमटणार नाही इतकंच.

खांदे दबून कोरे राहत असतील तर नुसती फट करून भागणार नाही, ॲक्शन परत मागे सरकेल. तिथे अक्रोडाचा पातळ व्हिनियर चिकटवा आणि काजळी दोन्ही खांद्यांवर सारखी येईपर्यंत स्क्रेपरने उतरवा. दहा-पंधरा वेळा बसवणं-काढणं होतं. एका वेळी फक्त काळं दिसेल तेवढंच खरवडा.

## १०. बाहेरची बाजू

लोखंड काढून दस्ता पॉलिशपेपरने घासणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कडा गोल होतात, लाकूड लॉकप्लेटच्या खाली जातं आणि बंदूक कायमची घासलेली दिसते. चिरेवरचा गोंद स्क्रेपरने लाकडाच्या पातळीला आणा, बाकी पृष्ठभागाला हात लावू नका. तुकडा हरवला असेल तर त्याच रेषेचं अक्रोड घेऊन शंकरपाळ्याच्या आकाराचं ठिगळ बसवा. चौकोनी ठिगळाच्या आडव्या कडा लगेच डोळ्यात भरतात.

रंगासाठी उकळलेल्या जवसाच्या तेलात रतनजोत भिजवून मिळणारं लाल तेल जुन्या दस्त्यांना छान बसतं. बोटाने दोन-तीन थेंब घ्या, तळहाताने गरम होईपर्यंत चोळा, जास्तीचं पुसा, २४ तास थांबा. असे सात-आठ हात. तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

## ११. जोडणी आणि ठेवण

उलट क्रमाने जोडा. स्क्रू त्यांच्या खाचा पूर्वीच्या दिशेला येईपर्यंतच आवळा. त्याच्या पुढे जोर लावलात तर बारीक आटे निघतात.

दुरुस्त दस्ता म्हणजे बार काढायला योग्य बंदूक असं नाही. या काळातल्या अनेक बंदुकांच्या नळ्या दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या) आहेत आणि त्यांचं प्रूफ काळ्या दारूचं आहे. अनेकांचे चेंबर ६५ मिमीच्या काडतुसाचे आहेत, त्यात ७० मिमीचं काडतूस बसलं तरी ते तिथलं नव्हे. नळ्यांची जाडी आणि चेंबर कारागिराने मोजल्याशिवाय एकही काडतूस घालू नका.

तेल लावल्यावर बंदूक पहिले दोन दिवस नळ्या खाली करून, तोंडाखाली जाड फडकं घालून ठेवा म्हणजे जास्तीचं तेल लाकडापासून दूर उतरतं. लॉकला प्रत्येक फिरत्या जागी सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो. महिन्याभराने लॉक काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात टँगमागची फट बघा. ती अर्ध्या मिलिमीटरची आणि कोरडी असली पाहिजे. मिटत आली असेल तर खांद्यांवर काजळी पुन्हा धरा.